आजींनी खरंच पाहिलं होतं

पोलीस पाटलांचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी शिंद्याच्या टोलनाक्यापाशी होते. "मॅडम, दवाखान्यात जाऊ नका, आधी इकडं या. तीन करडं गेली. रक्त पिणारं जनावर हाये. मांसाला शिवलेलं नाही, नुसतं रक्त पिऊन गेलंय."

मी पशुवैद्य आहे. राहते नाशिकला, नोकरी सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. रोजचं काम म्हणजे लसीकरण, कृत्रिम रेतन, अडलेल्या गाई, पोटफुगी. वन्यप्राण्याने जनावर मारलं की शवविच्छेदनाला मला बोलावतात, कारण माझ्या दाखल्याशिवाय भरपाईचं प्रकरण पुढे सरकत नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा बिबट्या असतो. "रक्त पिणारं जनावर" मात्र पहिल्यांदाच ऐकत होते.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. उन्हाळ कांद्याची लागण जोरात, आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. पण चार दिवसांपासून त्या वस्तीवर रात्री पाणी भरायला कोणी बाहेर पडत नव्हतं. लागणीच्या बायका ऊन पडल्याशिवाय वावरात पाय ठेवत नव्हत्या. रोपं वाफ्यात मान टाकायला लागली होती. मी पोहोचले तेव्हा वाडग्याभोवती चाळीसेक माणसं, पोरांच्या हातात काठ्या, आणि एकाच्या हातात कीटकनाशकाची पुडी. मेलेल्या करडात ती भरून ठेवायची, म्हणजे जनावर परत आलं की मरेल, असा बेत. मी ती पुडी आधी मागून घेतली. विषारी मांस ठेवलं की गावची कुत्री मरतात, घारी मरतात, मुंगूस मरतं, आणि ज्याच्यासाठी ठेवलं ते येईलच याची खात्री नसते.

सगळ्यांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरत होता. केस नसलेलं, पाठ वाकलेलं काहीतरी गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडतं. खाली लिहिलेलं, 'चुपाकाब्रा नाशिकमध्ये'. व्हिडिओतला रस्ता आमच्याकडचा नव्हता, गाड्या उजव्या बाजूने चालल्या होत्या. ते दाखवल्यावर दोघं-तिघं गप्प झाले, बाकीचे नाही.

करडं ज्या आजींची, त्या ओट्यावर बसल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, एकट्या राहतात, सात शेळ्यांवर संसार. चार दिवसांपूर्वी पहाटे त्यांनीच ते जनावर सगळ्यात आधी पाहिलं होतं. "कुत्रं नव्हतं, बिबट्या नव्हता. अंगावर केस नाही. म्या डोळ्यांनी पाह्यलं."

दोन करडं वाडग्यातच पडलेली. तिसरं गायब. मी हातमोजे घातले आणि पहिलं करडू पोत्यावर घेतलं. मानेवरून बोट फिरवलं तर घशाजवळ दोन बारीक भोकं लागली, पलीकडच्या बाजूला आणखी दोन. केस लाळेने चिकटलेले, पण रक्ताचा डाग जेमतेम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटणारच की रक्त कोणीतरी ओढून घेतलं. सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजलं. अडीच सेंटिमीटरच्या आसपास. बिबट्याचा जबडा याहून बराच रुंद.

मग कातडी सोडवली. खाली सगळं काळंनिळं. श्वासनळी दाबून चपटी झालेली. करडू रक्त जाऊन मेलं नव्हतं, गुदमरून मेलं होतं. छाती उघडली तर हृदयाच्या कप्प्यांत काळं, गोठलेलं रक्त भरलेलं. ज्या कुशीवर ते रात्रभर पडलं होतं त्या बाजूच्या फुफ्फुसात रक्त उतरून ती बाजू गडद झाली होती, वरची बाजू फिकट. मेल्यावर हृदय थांबतं, दाब राहत नाही, म्हणून लहान भोकातून रक्त बाहेर येत नाही. ते वजनाने खाली उतरतं आणि थिजतं. मी आजींना हाताला धरून जवळ आणलं. "आजी, हे बघा. रक्त सगळं इथंच आहे. कोणी प्यायलेलं नाही."

आजींनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मग म्या पाह्यलं ते काय व्हतं?"

मागून एक पोरगा हसला. "आजीला मोतीबिंदू हाये मॅडम." आणखी चारजण हसले. सकाळपर्यंत हीच मंडळी आजींच्या शब्दावर काठ्या घेऊन फिरत होती. आता रक्त सापडल्याबरोबर आजी खोट्या ठरल्या. मला ते फार लागलं. रक्त प्यायलेलं नाही एवढं सांगून मी दाखला लिहून निघून गेले असते, तर त्या बाईच्या नावावर आयुष्यभर एक थट्टा चिकटली असती. आणि जनावर तर मोकळंच होतं.

मला या विषयाचं वेड जुनं आहे. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात असताना यती, लॉक नेसचा राक्षस, बिगफूट अशा ऐकीव प्राण्यांवर मिळेल ते वाचायचे. असे प्राणी शोधणारे आणि त्यांचे दावे खोडणारे यांची दोन वेगळी घराणी असतात असं तेव्हा वाटायचं. नंतर कळलं की त्यांच्यातली चांगली माणसं एकच काम करतात. चुपाकाब्राचंच घ्या. 1995 मध्ये पोर्तो रिको बेटावर शेळ्यामेंढ्या मेलेल्या सापडू लागल्या आणि हे नाव जन्माला आलं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ शेळ्यांना शोषणारा. बेंजामिन रॅडफर्ड या शोधकाने त्यावर पाच वर्षं घालवली. रक्त शोषल्याचा समज कसा होतो हे त्याने मांडलं, ते मी आत्ताच वाडग्यात पाहिलं होतं. पुढे अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये बिनकेसाचे 'चुपाकाब्रा' मेलेले सापडले, त्यांची तपासणी झाली आणि ते कायोटी निघाले, म्हणजे आपल्या कोल्ह्याच्या नात्यातलं जनावर. पाहणाऱ्यांनी बिनकेसाचं जनावर पाहिलं हे शंभर टक्के खरं होतं. नाव तेवढं चुकलं होतं.

म्हणून मी आजींजवळ ओट्यावर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. "असं होतं का, तसं होतं का" असं काहीही विचारलं नाही. आपण विचारलं की माणूस हो म्हणतो, आणि मग आपलंच जनावर त्याच्या तोंडून बाहेर येतं. आजी बोलत गेल्या. चूल पेटवायला उठल्या होत्या. गोठ्याच्या भिंतीला, जिथे शेळ्यांची ऊब येते तिथे ते चिकटून बसलं होतं. अंग राखाडी, सुरकुतलेलं, गेंड्यासारखं. शेपटी दोरीसारखी. कान मोठे. "अन् मधीच मागच्या पायानं अंग खाजवलं त्यानं. लई खाजवलं."

खाजवलं. तो शब्द ऐकला आणि माझी नजर ओट्याखाली झोपलेल्या वस्तीवरच्या कुत्र्यावर गेली. कानाच्या कडा केस जाऊन जाड झालेल्या, कोपरं उघडी. लूत.

लुतीचा किडा अर्धा मिलिमीटरही नसतो. मादी कातडीत बोगदे करते, त्यात अंडी घालते. कुत्रं, कोल्हा, खोकड, लांडगा, सगळ्यांना लागतो. खाजवून खाजवून केस जातात, कातडीला घड्या पडतात, जनावर खंगतं. चेहऱ्याचे केस गेले की कान आहेत त्याहून मोठे दिसतात. दमलेल्या जनावराला ससा पळून पकडता येत नाही, थंडी सोसत नाही, म्हणून ते माणसाच्या भिंतीशी, बांधलेल्या करडांपाशी येतं.

वनरक्षक भाऊ आले. पंचनामा सुरू झाला आणि आम्ही दोघं वाडग्यामागे ठिबकच्या ओल्या पट्ट्यात ठसे शोधायला लागलो. सापडले. चार बोटं, नख्या स्पष्ट उमटलेल्या, म्हणजे बिबट्या बाद. तो चालताना नख्या आत ओढून घेतो. ठसा लहान आणि लांबट. त्याच दिशेने दीडशे पावलांवर नाल्यात तिसरं करडू सापडलं. पोट फाडून आतडी आणि मागची एक मांडी खाल्लेली. मांसाला न शिवणाऱ्या जनावराची गोष्ट तिथे संपली. वाडग्यात कुत्री भुंकली असणार, म्हणून दोन टाकून एक ओढून नेलं. भाऊंनी ते तिथेच राहू दिलं आणि बाभळीच्या बुंध्याला कॅमेरा ट्रॅप बांधला, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा.

दाखल्यावर मी हल्लेखोर प्राण्याचा रकाना कोरा ठेवला. तो रकाना फार महत्त्वाचा. भरपाईच्या यादीत वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, तरस, कोल्हा वगैरे आहेत. गावचं कुत्रं नाही. आणि अद्भुत प्राणी तर नाहीच. वस्तीने 'रक्तपिश्या' म्हणून हट्ट धरला असता, तर आजींना एक रुपया मिळाला नसता.

आम्ही आवरत असताना पुडीवाला पोरगा मागे मागे येत होता. बारावी झालेला, हुशार. म्हणाला, "मॅडम, पण सायन्सला सगळंच माहीत हाये का? असंल एखादं नवीन जनावर." प्रश्न चोख होता आणि मी त्याला मनापासून उत्तर दिलं. असतं. सीलाकँथ हा मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं धरून चालले होते, तो 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाळ्यात आला. आणि लांब कशाला, आपला रानपिंगळा, छोटं घुबड. 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना नाही, संपला म्हणून सोडून दिलेला. मध्ये एक पुरावा होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याचा 1914 चा गुजरातमधला नमुना. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासला आणि दाखवून दिलं की तो संग्रहालयातून चोरलेला जुना पक्षी आहे, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. खोटी जागा बाद झाली म्हणून शोध खऱ्या जागांकडे वळला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. 113 वर्षांनी.

पोराने विचारलं, "म्हणजे खोटं पकडलं म्हणून खरं घावलं?" मी हो म्हटलं. त्याने कॅमेऱ्याची पट्टी घट्ट करायला भाऊंना हात लावला, आणि त्या रात्री वस्तीवर कोणी नाल्याकडे जाणार नाही याची जबाबदारी स्वतःहून घेतली. मला ती जबाबदारी फार मोलाची वाटली. 2001 मध्ये दिल्लीत 'काळ्या माकडा'च्या भीतीने गच्च्यांवरून पडून माणसं मेली होती. अंधारात काठ्या घेतलेला जमाव कोणालाही जनावर समजू शकतो.

रात्री मला झोप लागली नाही. आपण चुकलो तर काय, हा विचार होताच. आणि एक कोपरा असाही होता ज्याला वाटत होतं, काहीतरी निराळंच निघावं. इतकी वर्षं मुडदे फाडूनही ती इच्छा गेलेली नाही आणि जाऊ नये असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी कार्ड काढलं. आधी नालाभर फिरणारं मांजर, मग बराच वेळ काही नाही. पहाटे चार वाजून बारा मिनिटांनी ते आलं. राखाडी, उघडं, कातडीला घड्या, पाठीचे मणके मोजता येतील असे. मानेवर केसांचा एक झुपका तेवढा राहिलेला, तांबूस. पुढच्या फोटोत ते मागच्या पायाने बरगडी खाजवत होतं. कोल्हा.

मोबाईल घेऊन आम्ही सरळ आजींकडे गेलो. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "हेच. म्या सांगत व्हते ना, केस नाही." पोरं मागे उभी होती. कोणी हसलं नाही. पुडीवाल्याने फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आजीने बरोबर पाहिलं होतं. लूत लागलेला कोल्हा आहे.' आजींना ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

दोन दिवसांनी तो कोल्हा रस्त्याच्या मोरीत, उठायचंही त्राण नसलेला सापडला. बचाव पथकाने जाळी टाकून धरला. कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वाटोळं अंग, आखूड पाय, हलणारे किडे. नाशिकला उपचार सुरू झाले. वस्तीवरच्या नऊ कुत्र्यांना मी लुतीची इंजेक्शनं दिली. दाखल्यावरच्या कोऱ्या रकान्यात 'कोल्हा' लिहिलं आणि प्रकरण वनविभागाकडे गेलं. त्या आठवड्यात रात्रीच्या मोटारी पुन्हा चालू झाल्या.

फेब्रुवारीत आजी उरलेल्या शेळ्या घेऊन लसीकरणाला दवाखान्यात आल्या. रांगेत बसल्या, नंबर आला तेव्हा शेळीचा कान धरून उभ्या राहिल्या. मी सुई टोचत असताना हळूच म्हणाल्या, "ताई, त्याला केस आले का?"

"येतायत," मी म्हटलं. "पाठीवर लव आलीय."

"बरं झालं. लई गारठा व्हता."