टीज गणित, नोंद ७: औंसाची गाठ सुटली

टीज (TEAS) म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांची प्रवेशपरीक्षा. तिच्या गणिताच्या काल रात्रीच्या सरावसंचात ३८ पैकी ३३! मागच्या नोंदीपर्यंत २६ वरच अडकले होते. मापनाची झाडून सगळी गणितं बरोबर आली, म्हणून आधी हे लिहून काढते.

पाऊंडाचे किलो करताना २.२ ने गुणायचं की भागायचं, तिथेच माझं अडतं असं मागे लिहिलं होतं. ते निदान चुकलं. एककं लिहून छाटायला लागल्यापासून भागाकार कधीच चुकलेला नाही. चुकलेली सगळी गणितं एका पानावर उतरवली, तेव्हा खरा चोर सापडला.

'बाळाचं वजन ९ पाऊंड १२ औंस, तर किलोत किती?' मी ९.१२ ला २.२ ने भागत होते. उत्तर ४.१. पर्यायांत ४.१ हजर असतंच, त्यामुळे शंकाही येत नाही. बरोबर उत्तर ४.४. आपण दशमानात वाढलो. ५ किलो ३०० ग्रॅमचे ५.३ करायचं वळण हाताला पक्कं बसलंय. पाऊंडात १६ औंस हे तोंडपाठ होतं, तरी बोटं टिंब देऊन मोकळी व्हायची. ५ फूट ६ इंचांचे ५.६, २ तास १५ मिनिटांचे २.१५, सगळीकडे तीच चूक. तीन आठवडे यात गेले.

रविवारी नाशिकला आजीशी फोनवर बोलताना हे गणित सहज वाचून दाखवलं. १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा ती शाळेत होती. म्हणाली, "अगं, सोळाचाच हिशेब ना? मग आणे समज. नऊ रुपये बारा आणे म्हणजे पावणेदहा."

पावणेदहा! ९.७५! हा शब्द एकदा कानावर पडला की ९.१२ लिहायला हात धजतच नाही. ४ औंस आले की सव्वा, ८ आले की साडे, १२ आले की पावणे. मधल्या औंसांनाही आजीकडे उत्तर होतं: एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. ७ पाऊंड ११ औंस घ्या. आठ आण्यांचे ५०, तीन आण्यांचे जवळपास १९, म्हणून ७.६९. इथे ७.११ धरलं तर तान्ह्या बाळाचं पाव किलोहून जास्त वजन कागदावरून नाहीसं होतं, आणि लहान मुलांचा डोस किलोवरच काढतात. हे लक्षात आल्यापासून मी औंसाचं प्रत्येक गणित मोठ्यानं वाचते.

वेळही वाचतो. ५७ मिनिटांत ३८ प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिट. औंसाच्या गणिताला मला दोन मिनिटं लागायची, आता चाळीस सेकंदांत होतं.

साधनांबद्दल एक सांगते. परीक्षेत स्क्रीनवर फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचा कॅल्क्युलेटर मिळतो, तेव्हा सराव तसल्याच कॅल्क्युलेटरवर करा. अपूर्णांकाचं बटण असलेल्यावर हात बसला तर ऐन वेळी पंचाईत होते. अपूर्णांकांसाठी खान अकादमी अजूनही माझी पहिली पसंती. एका फुकटच्या सरावसंचात मात्र उत्तरसूचीनेच ८ औंसांना ०.८ धरलं होतं. तो संच मी कायमचा बंद केला.

आता भूमिती सुरू करायची ठरवलं होतं. पण लिहितानाच लक्षात आलं की २ तास १५ मिनिटांना आपण सव्वादोन म्हणतोच की! मग सलाईनच्या वेगाची गणितंही याच वाटेनं जातील. ५०० मिली अडीच तासांत, म्हणजे तासाला २००. त्यामुळे भूमिती पुढच्या आठवड्यात. आधी १६, १२ आणि ६० या तिन्हींच्या पाव, निम्मे, पाऊणची कार्डं करते. इंचांत ३, ६, ९ छान बसतात. ४ आणि ८ काही बसत नाहीत, त्यांचे ०.३३ आणि ०.६७ सध्या वेगळे घोकतेय.