पिंजरा आधी बघायचा, मग धुवायचा

नागपुरातल्या एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे औषधांच्या प्रयोगांसाठीची जनावरं ठेवतात तिथे, मी पिंजरे साफ करायचं काम करते. नोकरी कंत्राटदारामार्फत लागली. मुलाखतीत दोनच गोष्टी विचारल्या, उंदरांची भीती वाटते का आणि रविवारी येता येईल का. पुढचं सगळं शिकले ते तिथल्या जुन्या अटेंडंट काकांकडून आणि त्या जनावरांकडून. औषधांवरच्या संशोधनाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण त्यातले पिंजरे रोज कोण धुतं आणि कसे, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून लिहिते.

आमच्याकडे विस्टार जातीचे रॅट (मोठे उंदीर), स्विस अल्बिनो माईस (छोटे उंदीर), गिनीपिग आणि न्यूझीलंड व्हाइट ससे आहेत. सकाळी आलं की चपला बदलायच्या, अ‍ॅप्रन, टोपी, मास्क, हातमोजे चढवायचे, खोलीचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं. त्यानंतर लगेच कामाला हात घालायचा नाही. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "आधी पाहून घे पोरी. एकदा बेडिंग फेकलं का त्याच्यात लिहिलेलं सगळं फेकल्या गेलं समज."

बेडिंग म्हणजे पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेला थर. आमच्याकडे धानाचं तूस वापरतात, भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलचं. ते आधी चाळून धूळ काढायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं. लाकडाचा भुसा स्वस्त पडतो, पण चीड किंवा देवदाराच्या भुशातल्या वासाच्या द्रव्यांनी उंदराच्या यकृतातली एन्झाइम्स वाढतात. औषध पचवण्याचा वेगच बदलला तर प्रयोगाला काय अर्थ राहिला?

तर बघायचं काय? लेंड्या नेहमीसारख्या आहेत की बारीक, कोरड्या किंवा पातळ. तूस किती ओलं झालंय. खाद्याच्या किती गोळ्या उरल्या. अंगावरचे केस गुळगुळीत आहेत की उभे राहिलेत. रॅटच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी कधी लाल दिसतं. पाहणाऱ्याला रक्त वाटतं, पण ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचा लालसर पदार्थ येतो आणि धडधाकट रॅट तो पंज्यांनी पुसून टाकतो. ताणात असला किंवा बरं वाटत नसलं की पुसणं सोडतो आणि मग लाल साचतं. असं दिसलं की पिंजऱ्याचा नंबर लिहून पशुवैद्यक डॉक्टरांना कळवायचं.

धुण्यात तसं गूढ काही नाही, पण मेहनत फार. जुनं तूस खरवडून बांधायचं, पिंजरे साबणाच्या पाण्यात भिजत घालायचे, कोपरे ब्रशने घासायचे, जंतुनाशक लावायचं आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने खळखळून काढायचे. सशांचे ट्रे सगळ्यात अवघड. जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीतून टाकतो, त्यामुळे ट्रेवर पांढरा, दगडासारखा थर बसतो. तो साबणाला दाद देत नाही. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात ठेवला की सुटतो.

नवीन माणसाला वाटतं, जितकं स्वच्छ तितकं चांगलं. तसं नाही. उंदराला त्याचा वास म्हणजे त्याचं घर असतं. नर माईसच्या पिंजऱ्यातून सगळा वास एकदम काढला की ते एकमेकांना चावे घेतात, म्हणून जुन्या घरट्यातली कोरडी मूठभर सामग्री नव्या पिंजऱ्यात ठेवायची. नुकतीच व्यालेली मादी असेल तर पहिले काही दिवस त्या पिंजऱ्याला हातच लावायचा नाही, घाबरली तर ती पिल्लं खाऊन टाकते. आणि तूस बदलायला उशीर केला तर जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. त्याने उंदरांच्या श्वासनलिका खराब होतात आणि आपलेही डोळे चुरचुरतात. कधी बदलायचं आणि कधी थांबायचं हे पाटीवरच्या वेळापत्रकाने पूर्ण कळत नाही. नाकाने आणि डोळ्याने कळतं.

एम.फार्म.च्या एका मुलीचा प्रयोग सुरू होता. एका पिंजऱ्यातल्या रॅटचं वजन उतरायला लागलं आणि तिच्या वहीत ते औषधाचा परिणाम म्हणून चढलं. त्या सकाळी फेरी मारताना मला दिसलं की बाकी सगळ्या बाटल्या अर्ध्यावर आल्या आहेत आणि या एकाची बाटली काठोकाठ भरलेली आहे. रॅट पाठ वाकवून कोपऱ्यात बसलेला, लेंड्या बारीक आणि कोरड्या. बाटली उलटी धरून नळीच्या टोकाच्या छोट्या धातूच्या गोळीला बोट लावलं तर थेंब येईना. आत क्षार साचून गोळी अडकली होती. नवी बाटली लावली तशी तो नळीला चिकटला, किती वेळ सोडेचना. मुलीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, मी तर रोज फक्त वजनच पाहत होते." तिने गाईडना सांगून तो रॅट हिशेबातून वगळला आणि वहीत कारणही लिहिलं. तेव्हापासून बाटली भरून लावण्याआधी प्रत्येक नळीची गोळी दाबून थेंब बघायचा, हा आमच्याकडे नियम झाला. पाणी पाजणाऱ्याचं काम इतकं मोलाचं आहे, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

उन्हाळ्याबद्दल सांगायलाच हवं. खोलीचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी, असं जनावरांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मे महिन्यात, त्यातही नवतपात, म्हणजे शेवटाकडच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, नागपुरात बाहेर ४५ असतं. एसी बंद पडला की जो तो म्हणतो कूलर लावा, घरोघरी तेच चालतं. पण कूलरने खोली दमट होते, तूस ओलं राहतं आणि अमोनिया वाढतो. रॅटला आपल्यासारखा घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो आणि अंगाला लाळ फासतो. गळ्याखालचे केस ओले करून लांब पसरलेला रॅट दिसला की धोका दारात आलाय. एका रविवारी दुपारी आमच्या इथे लाइन गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. काका आणि मी पिंजरे विरळ केले, तळमजल्याच्या थंड खोलीत हलवले आणि लाइन येईपर्यंत तिथून हललो नाही. सगळे वाचले. पण ड्युटी नसलेल्या रविवारी हेच झालं असतं तर?

आणि प्रयोग संपला की पिंजरे रिकामे होतात. जनावरांना मरण देण्याचं काम डॉक्टर नियमाप्रमाणे करतात, वेदना होऊ नये याची काळजी घेऊन. मी तिथे नसते. माझ्याकडे नंबरांच्या चिठ्ठ्या लावलेले पिंजरे धुवायला येतात. मला त्या दिवशी वाईट वाटतं आणि वाटू नये असं मला कधी वाटलं नाही. प्रयोग करावेत की नाही यावर मोठी माणसं वाद घालतात, घालावाच. जोवर जनावर आमच्याकडे आहे तोवर त्याला कोरडं अंथरूण, चालू बाटली आणि सोसवेल इतकी हवा मिळाली पाहिजे. एवढं माझ्या हातात आहे आणि ते मी सोडणार नाही.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची ती समिती आहे आणि असे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत ते प्रयोग तपासणारी एथिक्स कमिटी असावी लागते. तिच्यात बाहेरचे सदस्यही असतात. आमच्याकडे पाहणी झाली तेव्हा सगळे रजिस्टर बघत होते. एक सदस्य मॅडम मात्र वॉशिंग एरियात आल्या आणि मला विचारलं, "तुम्हाला इथे काय कमी वाटतं?" मी सांगितलं. मे-जूनमध्ये रविवारी दुपारी कुणीतरी हवं, जनरेटरची दर आठवड्याला चाचणी हवी, आणि आम्हाला साध्या कापडी मास्कऐवजी एन-९५ हवेत, कारण उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी या कामात पुष्कळांना होते. काकांना शिंका आणि धाप दोन्ही आहेत.

रविवारची ड्युटी लागली, जनरेटर आता दर शनिवारी चालवून बघतात. मास्क एकदा आले, संपले, पुन्हा आले नाहीत. कंत्राटदार कॉलेजकडे बोट दाखवतो, कॉलेज कंत्राटदाराकडे. मी अर्ज दिलाय आणि पुढच्या पाहणीला त्याची पोच दाखवणार आहे. या कामाला कुणी लागत असाल तर रुजू होण्याआधीच दोन गोष्टी लेखी मागा, एन-९५ मास्क आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी.