मोसंबी बागेत, अळी कुंपणावर

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मोसंबीचा भाव तीन डझन, चार डझन असा निघतो. सप्टेंबरातल्या त्या सकाळी एका गाळ्यावर शिरूर तालुक्यातल्या बागायतदाराचा माल उतरला होता, आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांचा, आकाराने चांगला. पण खरेदीदार फळ उचलायचे, अंगठ्याने दाबायचे आणि परत ढिगावर टाकायचे. आडत्या म्हणाला, "माल कालपर्यंत घट्ट असणार, पण रात्रीत बसलाय." त्या बागायतदार दादांचा मला फोन आला. फळबागांना पीकसंरक्षणाचा सल्ला देणं हे माझं काम. पुण्यातच होते, थेट गाळ्यावर गेले.

त्यातल्या त्यात घट्ट असं एक फळ घेऊन मी दोन्ही तळव्यांत दाबलं. मधल्या अंगाला, टाचणी टोचावी एवढ्या भोकातून रसाची बारीक पिचकारी उडाली. भोकाभोवती तपकिरी, मऊ पडलेलं वर्तुळ. देठाकडची बाजू मात्र शाबूत होती. देठकूज असती तर सड देठापासून सुरू झाली असती. फळ चिरलं, आत अळ्या नाहीत, म्हणजे फळमाशीही नाही. भोकाखालच्या फोडी तेवढ्या कोरड्या, स्पंजासारख्या झालेल्या.

"दादा, औषध काय मारलंय?"

"बुरशी आहे म्हणाला दुकानदार. बुरशीनाशक झालं, फळगळीचं टॉनिक झालं, परवा कीटकनाशकाचा हात फिरवला. तरी रोज सकाळी झाडाखाली सडा पडतोय ताई."

तिन्ही फवारण्यांचा खर्च वाया गेला होता, याचं मला फार वाईट वाटलं. हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं होतं. तो मोसंबीच्या झाडावर वाढत नाही आणि दिवसा बागेत सहसा दिसतही नाही. अंधार पडला की येतो, काटेरी टोकाची सोंड सालीतून आत घालतो, रस पितो आणि उडून जातो. मग त्याच भोकातून बुरशी नि जिवाणू आत शिरतात, फळ सडतं, गळतं. सालीवरचं औषध आतला रस पिणाऱ्याच्या पोटात जाणार कसं?

दुपारी बाग पाहिली. खाली गवताची काडी नाही. लव्हाळा, हराळी सगळं काढलेलं, बांधावरचं गाजरगवतही फुलायच्या आत उपटलेलं. (गाजरगवताचा देशातला उपद्रव पहिल्यांदा ठळकपणे नोंदला गेला तो १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यातच.) अशी स्वच्छ बाग पाहून मला खरंच आनंद झाला. पण माझी नजर गेली कुंपणावर. तारेवर, बाभळीवर, थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत गुळवेल माजली होती. पानं बदामाच्या आकाराची, मुळ्या दोऱ्यांसारख्या खाली लोंबणाऱ्या. ओढ्याच्या बाजूला तिच्याच कुळातली वासनवेलही होती.

मी पानं उलटवत गेले. विहिरीजवळ एक अळी सापडली, बोटाएवढी, गडद तपकिरी, अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे ठिपके. हात जवळ नेताच तिने डोकं खाली दुमडलं आणि मागचा भाग उंच उचलला. दादा तिच्याकडे बघतच राहिले. मोसंबीच्या पानावर हिला ठेवली तर उपाशी मरेल, गुळवेल-वासनवेल हेच हिचं खाणं. मोठी होऊन तोच पतंग झाल्यावर मात्र तिला पिकलेलं फळ लागतं.

अडचण दादांच्या घरातल्या आजींची होती. करोनाच्या काळात अख्ख्या गल्लीने त्यांच्याकडून काढ्यासाठी गुळवेल नेली होती आणि तेव्हापासून त्या वेलीला कुणी कोयता लावू दिला नव्हता. "औषधाची वेल कीड कशी आणंल गं पोरी?" त्यांचं म्हणणं मला टाळता येईना. मी म्हटलं, "आजी, रात्री बागेत या, मग ठरवू."

आठनंतर आम्ही बॅटऱ्या घेऊन गेलो. उजेड पडला की फांद्यांत लालसर ठिणग्या चमकायच्या, ते पतंगांचे डोळे. एक जवळून दिसला. मिटलेले पंख हुबेहूब वाळकं पान, जरा हलवल्यावर खालचे पंख उघडले ते नारिंगी, काळ्या ठिपक्यांचे. सोंड अजून फळात रुतलेली होती. आजींनी बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पुढच्या चार झाडांवर फिरवली. मग म्हणाल्या, "दारातली एक राहू दे. तिच्यावर मी रोज नजर ठेवीन. बाकी काढा."

दुसऱ्या दिवसापासून खाली पडलेली फळं गोळा करून खड्ड्यात पुरायला सुरुवात झाली, कारण त्यांच्या वासावर पतंग आणखी येतात. दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, २० मिली मॅलेथिऑन आणि पडलेल्या फळांचा रस असं आमिष रुंद तोंडाच्या भांड्यांत भरून, जनावरं नि पोरं पोचणार नाहीत अशा बेताने झाडांवर टांगलं. संध्याकाळी कडुनिंबाचा ओला पाला टाकून धूर केला. कुंपणावरची वेल तणनाशकाने जाळू असं दादा म्हणत होते, मी नको म्हटलं. बागेला लागून असलेल्या कुंपणावर फवारा मारला की वाऱ्याने कोवळ्या फुटीवर जायचा. माणसं लावून मुळासकट काढली. तुकडा जमिनीवर पडला तरी गुळवेल पुन्हा फुटते, म्हणून तोडलेल्या वेली उचलून वाळवल्या.

गळ एकदम थांबली नाही, पण झाडाखालचा सडा विरळ होत गेला आणि पुढच्या तोड्याचा माल गाळ्यावर रात्र काढूनही घट्ट राहिला. पतंग मात्र लांबून उडत येतो. एका शेताचं कुंपण साफ करून भागत नाही. शेजारच्या बहुतेकांनी आपापल्या बांधावरची वेल काढली. ओढ्यापलीकडची जमीन पडीक आहे, तिथे वासनवेलीचं रान माजलंय. मालक कोथरूडला राहतात. आंबिया बहार धरायच्या आत ते रान साफ व्हायला हवं, म्हणून येत्या रविवारी दादा आणि मी त्यांच्या घरी जाणार आहोत. साफसफाईचा निम्मा खर्च द्यायला दादा तयार आहेत.