जर्मन बी-१ परीक्षेची तयारी आणि मराठीचा आधार

जर्मनीत आउसबिल्डुंग, म्हणजे विद्यावेतनासह मिळणारे व्यावसायिक प्रशिक्षण, घ्यायचे ठरले तेव्हा बी-१, म्हणजे सहापैकी तिसऱ्या पातळीचे, गोएथे या जर्मन संस्थेचे भाषा-प्रमाणपत्र मिळवणे हे माझ्यापुढचे पहिले काम होते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी अभ्यास सुरू झाला आणि पहिले चार महिने मी प्रत्येक जर्मन वाक्य इंग्रजीच्या मापाने मोजत राहिले. पुढे एका संध्याकाळी ‘वाइल इश क्रांक बिन’ हे उपवाक्य वहीत लिहिताना लक्षात आले, की हा शब्दक्रम जसाच्या तसा ‘कारण मी आजारी आहे’ असा आपलाच आहे. त्या दिवसापासून मी मधे इंग्रजी आणणे सोडले.

आकड्यांचेही तसेच झाले. पंचवीसला जर्मन माणूस ‘पाच आणि वीस’ म्हणतो, त्यामुळे एकक आधी ऐकण्याची सवय मराठी कानाला असतेच; फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा संख्यांना तिथे नऊच ऐकू येतो आणि तिथे मी बराच काळ चुकले. लिंगे दोन्ही भाषांत तीन असली, तरी आपला सूर्य तिकडे ‘डी झॉनं’, म्हणजे स्त्रीलिंगी, म्हणून प्रत्येक नाम आर्टिकलसह, म्हणजे ‘डी’सारख्या लिंगदर्शक शब्दासह, मोठ्याने म्हणूनच पाठ केले.

परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे गोएथे संस्थेच्या तिथल्या केंद्रात, दिली. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र विभाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. लेखनातल्या तिसऱ्या, सुमारे ४० शब्दांच्या औपचारिक ईमेलची मला धास्ती नव्हती, कारण मायना आणि आदरार्थी ‘झी’ आपल्या ‘आपण’सारखेच सांभाळायचे असते. संभाषणात विषय मांडताना स्वतःच्या देशातील परिस्थिती सांगावी लागते; तिथे लक्ष्मीपुरीच्या बाजारात आई नेते ती कापडी पिशवी उदाहरण म्हणून कामी आली.

श्रवणात मात्र ५३ गुण पडले. वाईट वाटले, पण बाकीचे तीन विभाग उत्तीर्ण असल्याने फक्त तोच पुन्हा द्यायचा होता, आणि हा नियम माझ्यासारखीला मोठा दिलासा आहे. चूक कुठे झाली, हे मी बारकाईने पाहिले. चारपैकी मधले दोन भाग एकदाच ऐकवले जातात, आणि घरी मी प्रत्येक ध्वनिफीत थांबवून, मागे नेऊन ऐकत आले होते. शिवाय पर्यायांमधला एखादा शब्द कानावर पडताच मी त्यावर खूण करी. खरे उत्तर बहुधा वेगळ्याच शब्दांत दिलेले असते.

मग रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारताना एक उतारा एकदाच, न थांबवता ऐकायचा आणि घरी येऊन त्याचा आशय मराठीत पाच ओळींत लिहायचा, असे दोन महिने केले. दुसऱ्या वेळी रात्रीच्या एसटीने पुण्याला गेले, प्रश्न वाचायला मिळणाऱ्या वेळात महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारल्या आणि ऐकताना पेन्सिल शक्य तितकी उशिरा टेकवली. ७७ गुण मिळाले.