घुबडाच्या छातीतलं रक्त

दिवाळीच्या आगेमागे मेलेलं घुबड सापडलं की सोलापुरात पहिला संशय करणीवर. वनरक्षकाचा फोन आला तोही त्याच सुरात, "मार्केट यार्डाजवळच्या गोदामात पडलंय, कुणीतरी कायतरी केलंय सर."

गव्हाणी घुबड, मादी. नखं, पंख, पिसं सगळं शाबूत. करणीवाले असं सोडून जातात होय? पशुवैद्यकीय डॉक्टरांनी वनखात्यासमोर शवविच्छेदन केलं. हाड मोडलेलं नव्हतं, पण छातीच्या पोकळीत पातळ रक्त साचलेलं, कातडीखालीही काळेनिळे डाग. मेल्यावर रक्त पातळ राहू शकतं, त्यामुळे एवढ्यावर निदान होत नाही. पण मार लागलेला नसताना इतका रक्तस्राव? आम्ही एरवी पिसांत शिसं आणि पारा शोधणारी माणसं. त्या दिवशी यकृत फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवलं.

मग गोदामात गेलो. तुळईखाली घुबडानं ओकलेल्या गोळ्यांचा सडा. फोडल्या तर उंदरांच्या कवट्या, मधूनच चिचुंद्रीची लांबोडकी कवटी. कांद्याच्या पोत्यांमागं निळ्या वड्या.

"ह्यानं उंदीर लगेच मरत नाही की ओ सर," हमालमामा म्हणाले. "चार-पाच दिवस झिंगल्यागत फिरतंय. मालक म्हणतात, बाहेर जाऊन मरतंय, वास येत नाही."

बाहेर जाऊनच मरेल याची खात्री कोण देणार! विष सावकाश भिनतं ते उंदरांना वडीचा संशय येऊ नये म्हणून. जुन्या झिंक फॉस्फाइडनं उंदीर झटकन मरायचा. ही नवी औषधं 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवतात, रक्त गोठेनासं होतं, आणि ती यकृतात महिनोन्‌महिने टिकतात. मरेपर्यंतच्या दिवसांत मंदावलेला उंदीर घुबडाला आयताच मिळतो. एका उंदरानं कदाचित काही होत नाही. रोजच असे मिळाले की साठत जातं.

अहवाल आला. यकृतात ब्रोमॅडिओलोन, ह्याच नव्या औषधांपैकी एक.

गोदामवाल्यानं कुरकुरत का होईना पिंजरे आणले, बिळं सिमेंटनं बुजवली. शेजारच्या गाळ्यात वड्या अजून आहेत. आता शिक्रा आणि घारही तपासायच्या यादीत घेतलेत. सोलापूरच्या उन्हात यकृत काही तासांत वाया जातं, म्हणून माझा नंबर हमालमामांच्या मोबाइलमध्ये आहे. परवा त्यांनी मेलेल्या चिचुंद्रीसाठी फोन केला. तीही घेतली, किडे खाणाऱ्या प्राण्यापर्यंत औषध पोचलंय का, तेही बघायचंय.