तळघरातली स्कीची जोडी

न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या घराच्या तळघरात, तेलाच्या टाकीशेजारच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर एक जुनी स्कीची जोडी आडवी ठेवलेली आहे. लांबी १९५ सेंटिमीटर; ती उभी केली आणि मी शेजारी उभी राहून हात पूर्ण उंचावला, तर माझी बोटे जेमतेम तिच्या टोकाला पोहोचतात. वरचे लाल, पांढरे आणि निळे पट्टे फिकट झाले आहेत, पोलादी कडांना जागोजागी गंज धरला आहे आणि डाव्या स्कीच्या टोकाजवळ कुणी तरी चाकूने कोरलेली तीन अक्षरे आहेत. ती कुणाची, हे मी कधी शोधले नाही.

१९८६ च्या शरद ऋतूत, नाशिकहून इथे येऊन मला एक वर्षही झाले नव्हते तेव्हा, गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत भरलेल्या वापरलेल्या सामानाच्या बाजारातून मी ही जोडी वीस डॉलरला घेतली. विकणारे गृहस्थ चाळिशीचे असावेत. या स्कींवर काय काय करता येते, हे सांगताना त्यांनी बूट काढले आणि त्या लाकडी जमिनीवर नुसत्या मोज्यांनिशी, दोन्ही हातांत काठ्या घेऊन, एक पाय मागे उंच उचलून संथ गिरकी घेतली. आजूबाजूला घासाघीस करणारी माणसे क्षणभर गप्प झाली. तेव्हा मला त्या गिरकीचे नावही ठाऊक नव्हते. पुढे ‘रॉयल क्रिस्टी’ हा शब्द कळला तेव्हा डोळ्यांसमोर ते मोजेच आले.

फ्रीस्टाइल, म्हणजे स्कीवर उड्या, गिरक्या आणि कसरती करण्याचा खेळ, हे नुसते धाडस आहे, अशी समजूत असते. माझ्या मते तिच्या जन्मात सामानाचा वाटा माणसांइतकाच मोठा आहे. लाकडी स्की ओलाव्याने वाकत, मोडत आणि वळायला हट्टी असत. बाल्टिमोरच्या विमान कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेड या इंजिनिअरने अनेक नमुने मोडून झाल्यावर १९५० च्या सुमारास लाकडी गाभ्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेली स्की बाजारात आणली, आणि ती इतकी सहज वळे की जुने लोक तिला ‘लबाडांची स्की’ म्हणत. पाठोपाठ काचतंतूंच्या स्की आल्या. सिएटलजवळच्या व्हॅशॉन बेटावरच्या के-टू कंपनीने त्या बनवल्या, आणि माझी जोडीही त्याच घराण्यातली आहे. पायांतही असाच बदल झाला. चामड्याचे, नाडीने आवळायचे बूट जाऊन बकलांचे आले आणि मग बॉब लँग यांनी ते प्लॅस्टिकचे केले. बुटाला मागून टणक आणि उंच आधार मिळताच स्कीपटूला चक्क मागे रेलता येऊ लागले, टोके हवेत उचलून केवळ शेपटांवर घसरत जाता येऊ लागले. ज्यांचे बूट आखूड होते ते मागच्या बाजूला प्लॅस्टिकची उंच पट्टी बांधत. शिक्षकांच्या दृष्टीने मागे रेलणे ही चूक होती; या मुलांनी त्या चुकीतूनच एक शैली घडवली.

हवेतल्या कोलांटीचे मूळ मात्र याहून जुने आहे. नॉर्वेच्या स्टाइन एरिक्सनने १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लालम या वळणदार शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. त्याचे वडील १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्स खेळले होते आणि त्यालाही लहानपणापासून ती तालीम होती. अमेरिकेत स्की शिकवायला आल्यावर तो जमलेल्या लोकांसमोर उडी घेऊन, हात पसरून, पाय जुळवून संथ कोलांटी मारत असे. त्याची जुनी चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल याची गणती नाही. त्या कोलांटीत कुठेही घाई नाही.

पुढे १९७१ मध्ये, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या वॉटरव्हिल व्हॅलीत, डग फायफर यांच्या पुढाकाराने कसरती स्कीइंगची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. व्हँकुव्हरचा वेन वाँग तिथेच लोकांच्या नजरेत भरला. नियम फारसे नव्हते. उतारावर उंचवटे होते, उडी होती, मोकळी जागा होती, आणि खाली येईपर्यंत ज्याने त्याने आपल्याला सुचेल ते करावे, एवढीच अपेक्षा होती. या उंचवट्यांना ‘मोगल’ म्हणतात; दिल्लीच्या मुघलांशी या नावाचा काही संबंध नाही, ते टेकाडाला वापरल्या जाणाऱ्या ऑस्ट्रियन बोलीतल्या शब्दावरून आले आहे. तरुण पोरे बर्फावर पाठ टेकवून लोळण घेत आणि वेग न सोडता पुन्हा उभी राहत. हवेत एक पाय पुढे आणि एक मागे टाकून भले मोठे पाऊल उचलल्यासारखी ‘डॅफी’ करत. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये उतरलेली सूझी चॅफी या खेळात आली, तेव्हा स्त्रियांसाठी वेगळा गटच नव्हता, म्हणून ती पुरुषांबरोबर उतरली. संगीतावर स्की करण्याची कल्पना लोकांपर्यंत नेण्यात तिचा मोठा वाटा आहे, आणि मला या सगळ्या काळातले सर्वांत प्रिय आहे ते हेच बॅले.

बॅले सौम्य उतारावर होई. स्की आखूड असत, काठ्या लांब आणि भक्कम असत, कारण त्यांच्यावर शरीराचा सगळा भार तोलायचा असे. दोन्ही काठ्या रोवायच्या, स्कीच्या टोकांवर उभे राहायचे आणि अंग काठ्यांभोवती फिरवून पुन्हा उताराकडे तोंड करायचे. पाय एकमेकांवरून ओलांडायचे, उलटे घसरायचे, आणि हे सारे तालावर. लहानपणी आईबरोबर कथकचे कार्यक्रम पाहिलेल्या माझ्यासारखीला त्यात अनोळखी असे काही वाटलेच नाही. समेवर पाय येणे म्हणजे काय, हे त्या उतारावरही तितकेच स्पष्ट दिसते.

हा बहर टिकला नाही. उलट्या उड्यांत काही जणांना मणक्याच्या गंभीर दुखापती झाल्या, खटले आणि विम्याचे प्रश्न उभे राहिले, आणि अमेरिकेत अशा उड्यांवर बंदी आली. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्रीस्टाइलला मान्यता दिली, १९८० पासून विश्वचषक मालिका सुरू झाली. मोगलना १९९२ मध्ये आणि हवाई उड्यांना १९९४ मध्ये ऑलिंपिक पदकाचा मान मिळाला. बॅले मात्र १९८८ आणि १९९२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये केवळ प्रदर्शनापुरते दाखवले गेले, आणि २००० नंतर विश्वचषकातूनही गेले. परीक्षकांना गुण देणे अवघड जाते, असे कारण सांगितले जाई. मला ते कधीच पटले नाही. संगीतावरच्या अशाच कसरती फिगर स्केटिंगच्या बर्फाळ रिंगणात वर्षानुवर्षे चालतच आल्या आहेत, आणि तिथे गुणही दिले जातात.

माझे त्या काळातले बूट आता नाहीत. प्लॅस्टिक वयानुसार ठिसूळ होते. एका मार्चमध्ये उतारावरच उजव्या बुटाचे कवच घोट्यापाशी फाटले आणि मी अर्धा डोंगर चालत उतरले. बूट स्कीला अडकवणाऱ्या इतक्या जुन्या बाइंडिंगला दुकानदार हात लावत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. म्हणून ही जोडी मी वर्षातून एकदाच, एप्रिलच्या उन्हात, बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार झाला की, सर्वांत सौम्य उतारावर काढते.

त्या बाइंडिंगला ब्रेक नाहीत. पाय निसटला तर स्की दरीत जाऊ नये म्हणून ती चामड्याच्या पट्ट्याने घोट्याला बांधतात, आणि पडल्यावर तीच स्की गरगर फिरून अंगावर आदळते, हेही मी अनुभवले आहे. उजवा पट्टा तीन वर्षांपूर्वी तुटला. इथे तसा मिळेना, म्हणून तो तुकडा नाशिकला नेला आणि भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरासमोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, कडेची शिवण नखाने चाचपली आणि विचारले, ‘‘ताई, हे कोणत्या जनावराला बांधायचं?’’ मी सांगितले, तेव्हा त्यांनी मोबाइलवर एरिक्सनची ती कोलांटी दोनदा पाहिली, मग न बोलता जाड चामडे निवडले आणि दुहेरी शिवण घातली. पैसे घेताना म्हणाले, ‘‘दुसऱ्या पायाचाही करून न्या, एकसारखा ताण पाहिजे.’’ आता दोन्ही पट्टे त्यांच्या हातचे आहेत.