लाभ, दोन, तीन

हातातून डार्ट, म्हणजे बोर्डावर फेकायचा छोटा टोकदार बाण, सुटत नाही, असं सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. बोटं उघडायची की सुटला, त्यात काय एवढं? पण २०२३ च्या जूनमध्ये पुण्यात डार्ट्सच्या एका निवड चाचणीला मी रेषेवर उभा राहिलो, हात मागे घेतला, पुढे नेला आणि डार्ट बोटांतच राहिला. परत मागे, परत पुढे. पाचव्या वेळी तो सुटला, तोही धक्क्याने, आणि बोर्डाखाली भिंतीत जाऊन लागला. मागे रांगेत उभं असलेलं कुणीतरी हसलं. सामना मी हरलोच, पण परतीच्या गाडीत झोप लागली नाही ती हरल्यामुळे नाही. माझाच हात माझं ऐकत नव्हता.

खेळ मला पुण्यात नोकरीला असताना लागला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फेकायला एक बोर्ड होता. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं आणि मी अमळनेरला परत आलो, तेव्हा सामानात स्वतःचा बोर्ड होता. आमचं घर जुनं, धाब्याचं. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून सागाची फळी उभी करून तिच्यावर बोर्ड बसवला. मधला बिंदू जमिनीपासून १.७३ मीटर उंच, फेकायची रेषा २.३७ मीटरवर. हे अंतर बोर्डाच्या तोंडापासून मोजायचं असतं. मी मोजलं भिंतीपासून. फळीची जाडी आणि बोर्डाची जाडी मिळून जवळजवळ सात सेंटीमीटर पुढे उभा राहून मी चार महिने सराव केला. नवीन शिकणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो: टेप बोर्डाच्या तोंडाला लावा, आणि खाली ओळंबा सोडून मगच मोजा.

दुसरी चूक मे महिन्यातली. पारा चव्वेचाळीसच्या वर, बोर्ड कोरडा खडखडीत दिसायला लागला, म्हणून मी त्याच्यावर पाणी शिंपडलं. पूर्वी एल्मच्या लाकडाचे बोर्ड असत, ते भिजवावे लागत, असं कुठेतरी वाचलं होतं. आताचे बोर्ड सिसलचे, म्हणजे आपल्या घायपाताच्याच जातीच्या धाग्याचे. हजारो धागे उभे दाबून बसवलेले असतात. डार्ट धाग्यांच्या मध्ये शिरतो, काढला की भोक आपोआप मिटतं. पाणी लागलं की धागा फुगतो. माझा बोर्ड वीसच्या घरात टेंगूळ येऊन फुगला आणि गेला. नाना म्हणाले, घायपाताचा दोर वळायचा तर आधी भिजवतात, पण वळलेला दोर कुणी भिजवत नाही.

नाना म्हणजे माझे वडील. अमळनेरच्या धान्य बाजारात मापाडी होते, आता निवृत्त. शाळा सातवीपर्यंत, पण पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. डार्ट्समध्ये ५०१ पासून वजा करत शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा डार्ट दुहेरी घरातच, म्हणजे आकडा दुप्पट धरतात त्या अरुंद पट्टीतच लागावा लागतो. हे ऐकल्यावर नानांनी पाढ्यांनीच हिशेब लावला. दुहेरी घर म्हणजे दुणे, तिहेरी म्हणजे त्रिक. ९६ उरले? वीस त्रिक साठ, राहिले छत्तीस, अठरा दुणे छत्तीस. १७०? वीस त्रिक साठ दोनदा आणि मधल्या लाल बिंदूचे ५०. तीन डार्टांत संपवता येणारा सगळ्यात मोठा आकडा तोच. मी मोबाइलवर बघून पाठ करत होतो, नाना खाटेवरून माझ्या आधी सांगायचे. खेळाडू ३२ का ठेवतात, हेही त्यांनी एका झटक्यात ओळखलं: सोळाचं दुणे चुकून एकेरी सोळा लागला तरी सोळा उरतात, मग आठ दुणे, मग चार दुणे. अर्ध्यावर अर्धं येत जातं, मध्ये कुठे विषम आकडा अडवत नाही.

पुण्याच्या त्या चाचणीहून आल्यावर हे सगळं थांबलं. घरी, एकट्यानेसुद्धा, हात अडकायला लागला. इंग्रजीत या दुखण्याला नावच आहे, डार्टायटिस. गोल्फमध्ये यिप्स म्हणतात ते याच्या जवळचंच. पाच वेळचा जगज्जेता एरिक ब्रिस्टो ऐन भरात असताना याच्यात सापडला होता. तरीही १९९० ला तो जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत आला. तिथे त्याला हरवलं फिल टेलरने, ज्याला खेळात उभं राहायला ब्रिस्टोनेच पैसे दिले होते. पुढे टेलरने सोळा विश्वविजेतेपदं मिळवली. ब्रिस्टोची गोष्ट मी त्या पावसाळ्यात कितीदा वाचली असेल. त्यातून उपाय मिळाला नाही, पण याच्यातून माणूस परत येऊ शकतो, एवढं कळलं.

पहिले तीन आठवडे मी फक्त हट्ट केला. रोज तीनशे डार्ट, दात आवळून. त्याने दुखणं वाढलंच. कुणाला हा त्रास असेल तर हात जोडून सांगतो, जास्त सराव हा याच्यावरचा इलाज नाही. अडकलेला प्रत्येक डार्ट हाताला अडकायचंच शिकवतो.

मग आठ दिवस डार्टला हात लावला नाही. नवव्या दिवशी बोर्डावरची आकड्यांची तारेची कडी काढून ठेवली. ती सुटी असते, बोर्ड एकाच जागी झिजू नये म्हणून फिरवताना काढतात. आकडेच नाहीत, तर चुकायचं कशाला? रेषा सोडून बोर्डापासून हातभर अंतरावर उभा राहिलो आणि नुसते डार्ट टोचल्यासारखे सोडले. तिथे हात अडला नाही. दोन पावलं मागे सरलो की परत अडला. सात-आठ दिवस गाडी तिथेच. आई दारातून म्हणाली, "कितला टोचशी रे भाऊ?" त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो, त्याचं आजही वाईट वाटतं.

नाना ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होते. बघत नव्हते, ऐकत होते. आधी टप, टप, टप असा एक ठेका यायचा, आता तो तुटलाय, हे त्यांच्या कानाला कळलं होतं. एका संध्याकाळी आत आले आणि म्हणाले, "तू मोजस नही, म्हणीसन तुना हात अडकस."

आजोबा पायलीने माप घालायचे, तेव्हाचं त्यांनी सांगितलं. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. आकडा मनात म्हणायचा नाही, आणि माप उलटं करून झाल्यावरही नाही. धान्य सुटतं त्याच क्षणी आकडा तोंडातून सुटायला हवा, नाहीतर मोजणी चुकते. नानांनी कोपऱ्यातलं पितळी मापटं घेतलं, दादर ज्वारीच्या पोत्यात घातलं, आणि माझ्यासमोर परातीत ओतत गेले. लाभ. दोन. तीन. सत्तरीतला माणूस, बोटं थोडी थरथरतात, पण माप उलटं करताना मनगट जराही अडलं नाही. दाणे पडायचा आवाज आणि "लाभ" एकाच वेळी यायचं.

मी डार्ट उचलले. हात पुढे जाताना मोठ्याने "लाभ" म्हणालो. डार्ट सुटला. कुठे लागला ते बघायच्या आत "दोन". सुटला. "तीन". तोही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत अडकलाच, त्यामुळे एका रात्रीत बरं झालो असं कुणी समजू नये. पण आता धरायला काहीतरी होतं. दर चार दिवसांनी एक पाऊल मागे. अडला की पुढे येऊन परत मोजणी. रेषेपर्यंत पोचायला अकरा आठवडे लागले. कडी परत लावली ती दिवाळीत. त्यानंतर दोन महिने तरी मी मोठ्यानेच मोजत होतो, मग ओठांत. माझ्यापुरतं मला वाटतं ते असं: सोडायचा क्षण मी ठरवायला जात होतो, आणि तो ठरवता येत नाही. तोंडातला आकडा तो निर्णय माझ्याकडून काढून घेतो.

या खेळावर पोट भरतं का, हे मला गावात रोज विचारतात. जगात भरतं. व्यावसायिक सर्किटवर खेळायचं तर टूर कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना लागतो, अशी १२८ कार्डं असतात. त्यासाठीची पात्रता फेरी इंग्लंड आणि जर्मनीत होते. २०२५ च्या जानेवारीत ल्यूक लिटलर सतराव्या वर्षी लंडनला विश्वविजेता झाला, त्याचं बक्षीस पाच लाख पौंड होतं. आपले नितीन कुमार त्याच स्पर्धेत, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसच्या मंचावर खेळून आलेत. त्यांच्या पातळीचे खेळाडू सोडा, माझी तीन डार्टांची सरासरी आज ५८ आहे, आणि मंचावरचे मोठे लोक ९५ ते १०० ला खेळतात. हे अंतर मला दिसतं. नोकरी सोडलेली नाही. पासपोर्ट काढून ठेवलाय.

यंदाच्या चाचणीत तिसऱ्या फेरीत निर्णायक लेगला, म्हणजे ५०१ च्या शेवटच्या डावात, माझे ३२ उरले होते, समोरच्याचे ४०. घसा कोरडा. "लाभ", एकेरी सोळा. उरले सोळा. "दोन", तारेच्या बाहेर, गेला. तिसरा हातात घेतला तेव्हा कोपरात ती जुनी ओढ जाणवली, अगदी तीच. "तीन" म्हणालो, बहुतेक पंचालाही ऐकू गेलं असावं. आठ दुणे लागलं, तारेला चिकटून, पण आतून.

पुढच्या फेरीत हरलो. स्टेशनवरून घरी फोन लावला. नानांनी हरलो-जिंकलो विचारलं नाही. "अडकना का?" म्हणाले.

"एकदा अडकत होता," मी म्हणालो.

उद्यापासून परत रात्री नऊ वाजता सराव. कूलर बंद करावा लागतो, त्याच्या वाऱ्याने डार्टची पिसं हलतात. घामाने बोटं निसटतात म्हणून शेजारी कोरडं फडकं. आई तेवढा वेळ बाहेर अंगणात खाट टाकते.